पिवळ्यावर पांढरं

हॅलो? … हां ताई, बोल. … अगं मोठ्याने बोल, मशीन चालू आहे. … अहो, जरा बंद करा ते, ताईचा फोन आहे. … हां. निघालात? बाबांच्या डोळ्याची पट्टी काढली? … सगळं स्वच्छ दिसतंय? सुटले बाई एकदाची.

ऐक ना, त्यांना सांगू नकोस हं. त्यांची होडी चकचकीत केलीय आम्ही. … हो, हो, अगं ऐक तर. फायबरवरचा तो जेलकोटचा थर उन्हाने पार पिवळा पडला होता ना, हात लावला की खडूसारखी भुकटी यायची… गेलं सगळं. आधी पाणी लावून बारीक पॉलिश पेपर, मग मशीनने पॉलिश. ह्यांचे खांदे भरून आलेत, माझी नखं बघवत नाहीत. पण पांढरी कशी झालीय, बशीसारखी…

काय? … डावी बाजू? तीही केली की. भिंतीकडची ना? तीच तर सगळ्यात कळकट, बाबा तिला कधी हात लावू देत नव्हते. … का गं?

… काय म्हणालीस?

… ते माहितीये. आई गेल्यावर त्यांनीच होडीवरची नावाची अक्षरं सोलून काढली. धक्क्यावर जो तो विचारायचा म्हणून. 'साळुंकी'. आईची बडबड ऐकून त्यांनीच ठेवलेलं. … हो, अक्षरांखाली ऊन पोचलं नाही, म्हणून तेवढंच पांढरं राहिलेलं. पिवळ्यावर पांढरं. मला तर तो डागच वाटत आला…

थांब. खाली बसते जरा.

… म्हणजे ऑपरेशनला इतकी वर्षं नाही नाही म्हणणारा माणूस एकाएकी तयार झाला, तो ह्यासाठी? ते नाव दिसेनासं झालं म्हणून? … आणि हे आत्ता सांगतायत. गाडीत बसल्यावर.

ताई, नाही गं उरलं. सगळं एकसारखं करून ठेवलंय आम्ही. इतकं मन लावून केलं गं… आता कुठल्या तोंडाने त्यांना…

काय? स्पीकरवर आहे? … मघापासून?

… बाबा?

… हो. मशीन बंद आहे. … नाही, रडत नाहीये. … मागच्या टोकापासून हातभर पुढे, बरं. … डोळे मिटून? … मिटले. … बोट फिरवतेय. … गुळगुळीतच लागतंय बाबा. … सगळं गुळगुळीत…

थांबा. इथे कडेसारखं काहीतरी. केसाएवढं. … हां, बाकीचं ऊनपाण्याने झिजलं, हे तेवढं झाकलेलं होतं. … गोल वळतंय. परत वळतंय. … 'ळ' आहे बाबा. खाली उकारसुद्धा.

… म्हणजे इतके दिवस तुम्ही बोटांनीच वाचत होतात?

… नाही, आता फडकंही लावत नाही. … अहो, ऐकलंत का, ते मशीन आधी आत नेऊन ठेवा. … नाही बाबा, तुम्हाला नाही. तुम्ही या. सावकाश या.