दूर्वांची दुसरी जुडी

मुलुंडला फुलवाल्याकडे मी रोजच्या दूर्वांसाठी उभी होते. पुढे एक आजी आणि तिची नात.

"आजी, ससा फक्त आठशेला आहे गं. बाबा म्हणाले, आजी हो म्हणाली तरच."

"आणि पिंजरा?"

"दोन हजार."

"सशापेक्षा घर महाग? मुंबईचाच दिसतोय!"

"मस्करी नको ना! दहा वर्षं जगतो तो."

"खातो काय?"

"गवत. दुकानात महिन्याचं सहाशेला मिळतं."

"गवताला सहाशे? बाप्पाला वाहिलेल्या कालच्या दूर्वा घाल की."

"शिळं नाही चालत त्याला. ताजंच लागतं."

आजी फुलवाल्याकडे वळली. म्हणाली, "उद्यापासून दोन जुड्या दे रे."

"नवीन व्रत धरलंत, आजी?"

"हो रे. दहा वर्षांचं आहे म्हणे."