आउलिसची लिंक

फिनलंडमधल्या औलू शहरात बसथांब्यावर माझ्यापुढे दोघं उभी होती. दोघांच्या गळ्यात एकाच कंपनीची ओळखपत्रं.

"तूली, आउलिसच्या घरच्या कॉम्प्युटरची लिंक काढलीस ना आपल्या कोडमधून?"

"काढली, पेंटी. एका ओळीचं तर काम. पण आपल्यातला माणूस जाऊन वर्ष झालं तरी कुणाचा हात धजत नव्हता."

"मग तोंड का असं उतरलंय?"

"म्हटलं, काढण्याआधी तिकडे त्याचं काही राहिलं असेल तर उतरवून घेऊ. तर कोडमधली एक दुरुस्ती आली. परवाच्या तारखेची."

"मशीनचं घड्याळ चुकलं असेल गं."

"मलाही तसंच वाटलं. पण सोमवारी आपल्याला जी चूक सापडली, तीच त्यानं दुरुस्त केली होती."

"त्यानं काय म्हणतेस! हेल्वी वापरत असेल नवऱ्याचं मशीन."

"फोन केला ना तिला. मशीन तळघरात पडलंय, वायर काढलेली. माझ्यासाठी बिचारी खाली जाऊन हात लावून आली."

"आणि?"

"गरम होतं म्हणाली."

"...ती दुरुस्ती घेतलीस तू?"

"वेडा आहेस का? टाकून दिली आणि लिंक उडवली."

"मग सुटलो."

"कसले सुटलो? आपल्याकडची लिंक तुटली, त्याच्याकडची कशी तुटेल? आज सकाळी तीच दुरुस्ती आपल्या कोडमध्ये येऊन बसली होती."

"काही लिहिलं होतं खाली?"

"'तूली, लिंक का काढलीस?'"

बस आली. मी चढलो. ती दोघं थांब्यावरच उभी राहिली.