पोळ्याच्या दिवशीचे पेशंट

अच्छा, 'ढोर' म्हटलं की मला आमचे काका आठवतात. जबलपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज नुकतंच निघालं होतं, अन् मी तिथं नाव घातलं. काका आमच्या अख्ख्या घमापूर मोहल्ल्यात सांगत सुटले, "पुतण्या आमचा ढोरांचा डॉक्टर होऊन राहिला! माझा दिनू पाहा, वकिली शिकून राहिला."

पोळ्याला काकांनी बैलांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली अन् भर पाहुण्यांत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी मोठ्यानं विचारलं, "काका, ढोराच्या पाया काहून पडून राहिले?"

"मूर्खा, ढोर काय म्हणतोस? देव आहे तो!"

"चलो, म्हणजे माझे पेशंट देव ठरले. आता दिनूचे चोर-दरोडेखोर अशील घरी आले, की त्यांच्याही पाया पडून दाखवा!"