शेत गेल्यावर

(सन १८८४, आषाढ. खालापूरजवळच्या गावात म्हाताऱ्या आबाजींची पडवी. समोर विधवा बायजा आणि तिचा दीर पोपट.)

बायजा : आन् हे भावजी इचारतात, वयनी, तुमचं शेत गेलंय कुठं? आबा, कोर्टात मी हरले. वढ्याकडचं शेत शेजारच्या धोंडूबाईचं, असं साहेबानं सांगितलं. आजून काय जायचं राहिलंय?

पोपट : राहिलंय ना. कबजा घ्यायला बेलीफ दसऱ्याला येनार. तवर शेत वयनींचंच. तुमचा पंचांचा निवाडा वाचू, आबा?

आबाजी : मला काय वाचून दाखवतोस? याच पडवीत आम्ही पाच पंचांनी तुमच्या वाटण्या केल्या. धोंडूबाई वढ्याकडच्या शेतावर हक्क सांगेल ही कुणकुण होती, म्हणूनच निवाड्यात कलम घातलं: वढ्याकडचं सरकारातून गेल्यावर पोपटानं आपल्या दोन शेतांतलं जांभळीखालचं बायजाला भरून द्यावं.

पोपट : गेल्यावर. आधी नाय.

बायजा : दसऱ्याला भात कापायला येतं, भावजी! आता लावलं तर उभं पीक धोंडूबाई नेईल. नाय लावलं तर वरीसभर माझ्या ठकीनं खायचं काय?

आबाजी : मग आजच शेत सोडून दे तिला.

पोपट : आपल्या हातानं सोडलं तर मी बांधील नाय. कर्जतला वकिलाला इचारलंय. निवाडा कोर्टात नोंदलाय, आबा. आता त्यात तुमीबी काय बदलू शकत नाय.

बायजा : सकाळी धोंडूबाईच्या पाया पडले. म्हनलं, मावशे, आजच बेलीफ आन, मला हाकल. हसली ती. म्हनली, अगं, आधी भात तर लाव.

आबाजी : आमचं चुकलं गं. शेत लावणीला जाईल की कापणीला, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पाचही जण जन्मभर भातच लावत आलो! पोपटा, लिहिलेलं राहू दे रं. यंदा जांभळीखालचं तिला लावू दे.

पोपट : आन् वयनींनी अपील केलं, त्यात जिंकल्या तर? दोनी शेतं त्यांची, मी माझ्या उरलेल्या माळावरच्या शेतात दगड येचू? मलाबी चार पोरं हायत. बेलीफ येऊन गेला, माझं भात कापलं, की त्याच दिशी शेत देतो.

आबाजी : निदान अर्धं पीक दे.

पोपट : पीक निवाड्यात नाय.

बायजा : उघड्या शिवारात कोंडल्यासारखं झालंय मला, आबा. शेत माझं हाय, म्हनून मला शेत मिळत नाय.

आबाजी : रोपं किती दिवस थांबतील?

बायजा : आठ दिस. आताच पिवळी पडाय लागलीत.

पोपट : वयनी... माझी रोपं खेकड्यांनी खाल्ली. तुमची तशीबी वायाच जातील.

आबाजी : पोपटा! जरा तरी लाज—

बायजा : राहू द्या, आबा. न्या भावजी, रोपं न्या. लावायला मानसं लागतील ना?

पोपट : लागतील.

बायजा : मी आन् ठकी येतो मजुरीला. आन् जांभळीखालचा बांध नीट घाला. फुडल्या साली त्या शेतात पानी मलाच राखायचंय.