वैशालीचे बावीस पॉइंट

आमचं गाव संगमेश्वरापासून आत, एस्टीतून उतरलात की पुढे तासभर कातळावरून चालायचं, आणि माझा बापूस मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता, तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा तेवढाच, बाकी घरात आवस, मी आणि दोन भाऊ. शेजारचं घर वैशालीचं. दोघी एका वर्षाच्या, शाळेत एका बाकावर, भातलावणीला शेताच्या एका कुणग्यात, आणि दहावी झाल्यावर पुढे शिकायला रत्नागिरीला आलो तेव्हाही तिच्याच आत्याकडे एका खोलीत राहिलो. आता हे सगळं सांगते कारण नंतरचं सांगायचं तर हे आधी सांगायलाच हवं, नायतर तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, एका मॅचचा कागद तो.

बास्केटबॉल आम्ही कॉलेजात पहिल्यांदा बघितलं. गावात लंगडी आणि खो-खो, हे कोणाला ठाऊक. सिमेंटचं मैदान, दोन लोखंडी खांब, रिंगेला जाळी नाय. वैशाली उंच, हात लांब, खेळाच्या सरांनी तिला नळावर पाणी पिताना बघितलंनी आणि म्हणाले, ही पोर उद्यापासून मैदानावर पाहिजे. ती म्हणाली सुनंदा असेल तर येते. म्हणून मी गेले. मी बरी खेळायची, बरीच म्हणते, जास्त नाय, पण ती खेळायला लागली की बाजूच्या बँकेतली माणसं खिडकीत येऊन उभी राहायची.

दुसऱ्या वर्षी माझा गुडघा गेला. सरांनी स्वतःच्या स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलंनी, गावी निरोप धाडलानी, त्यांच्या बायकोने आठ दिवस पेज आणि भाजी पाठवलेन. काय सांगू तुम्हाला, बापसाने केलं नसतं ते त्यांनी केलंनी. आणि मग म्हणाले, नुसती बसून काय करतेस, टेबलावर बस, स्कोअर लिही. शिकवलंनी सगळं. बास्केट झाली की बेरजेच्या आकड्यावर रेघ, बाजूला घालणारीचा नंबर, कोणी फाऊल केला तर तिच्या नावापुढे खूण. माझं अक्षर चांगलं. मला ते काम आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तालुक्या-तालुक्यांच्या मुलींची स्पर्धा होती, आमच्याच मैदानावर, आणि त्यातून जिल्ह्याची टीम निवडायची होती. जिल्ह्याकडून राज्याला खेळलं की सर्टिफिकेट मिळायचं आणि पोलीस भरतीला त्याचा उपयोग होतो असं सगळे सांगायचे. वैशालीला पोलिसात जायचं होतं. घरी लग्नाचं चाललं होतं तिच्या, आत्याने तिच्या बापसाला कसंबसं थांबवलं होतं, की निवड होऊ दे, मग बघू.

फायनल आम्ही जिंकलो. शेहेचाळीस आमचे, त्यातले बावीस वैशालीचे, नऊ नंबरचे. मी लिहिलेले, माझ्या हाताने, एकेक. आमच्याच टीमात सात नंबरची मृणाल होती, बागायतदारांच्या घरातली, तिचे काका त्या निवड समितीत होते. तिचे सहा. पोर वाईट नव्हती हां, आपला डबा सगळ्यांना द्यायची, तिने काय मागितलंन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मला ऑफिसात बोलावलंनी. म्हणाले, कागदावर पाणी सांडलंय, दुसरा करून दे, मी सांगतो तू लिही. पाणी सांडलं होतं खरं, पण आकडे सगळे दिसत होते. मी लिहायला बसले. पहिली बास्केट नऊ नंबर, दुसरी नऊ नंबर, तिसरी ते म्हणाले सात. मी पेन उचललं. म्हटलं, सर, ही नऊची. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, लिही गो, टीमची बेरीज तीच राहते ना. मी सात लिहिलं. सात बास्केट अशा गेल्या. वैशालीचे आठ झाले आणि मृणालचे वीस. आणि पॉइंट घेतलेनी ते घेतलेनी, वर मृणालचे दोन फाऊल वैशालीच्या नावापुढे लावायला लावलेनी. मी लावले. खाली सही केली. माझ्या डोळ्यापुढे ती स्कूटर आणि तो पेजेचा डबा, नाय कसं म्हणू. पण नाय म्हणता आलं असतं. आज वाटतं, आलं असतं. ते काय मारणार नव्हते मला.

यादी लागली, मृणाल होती, वैशाली नव्हती. त्या संध्याकाळी खोलीत तिने मला विचारलंन, सुनंदा, माझे किती होते गो? मी म्हटलं, कागदावर आठ. ती म्हणाली, मी मोजलेले, बावीस होते. मी म्हटलं, खेळताना मोजायला चुकतं. असं मी म्हटलं. ती कपड्यांची घडी घालत राहिली. मे महिन्यात तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली, ती तिच्या बापसाकडून.

सर पुढे बदलून गेले. मला त्यांनी कसली नोकरी लावली नाय की काय नाय, मी मागितलीही नव्हती. मी आता दाताच्या डॉक्टरकडे असते, पेशंटचे नंबर लावते, नावं पुकारते.

गेल्या वर्षी वैशाली तिथे आली. गाल सुजलेला, बोटं पांढरीफटक, कोळंबी सोलायच्या कंपनीत असते, बर्फात हात. मी तिला ओळखलं, तिने मला. बाकावर तिच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं सगळं, ते पाणी, ते ऑफिस, सात बास्केट. रडले मी. ती गालावर हात धरून ऐकत होती. मग म्हणाली, तुझं अक्षर मला ओळखू येत नाय काय? मी यादीच्या दिवशीच ऑफिसात जाऊन कागद बघितलेला. आठ म्हणालीस, तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी वाट बघत होते तू सांगतेस का. आता आठ वर्षांनी सांगून तुला हलकं वाटलं असेल. मला त्याचं काय करायचं, तूच सांग.

आतून घंटा झाली, तिचा नंबर होता, मी तिचं नाव पुकारलं.

औषध घेऊन गेली ती. दाढ काढायला पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, आली नाय. दुसऱ्या कोणा डॉक्टरकडे गेली असेल. तिला दोन मुली आहेत म्हणतात, दोघी उंच. त्यांचं भलं होवो, त्यांचं त्यांना मिळो. माझ्या तोंडचा आशीर्वाद तिला नको असेल, पण माझ्याकडे द्यायला दुसरं काय उरलंय.