सात खुणा

तसं नाय काकासाहेब, आलेच हाये तर बसा. त्या फळीवर बसा, तनुजा मॅडम बी तिथंच बसती. आन् आधी ताक प्या – भेव वाटतं व्हय? प्या, अख्ख्या शहागंजाच्या देखत प्या. रविवारी गारखेड्यात पंगत हाय, तीनशे गिलास ताक पायजे, झालं गेलं विसरा बानाबाई – इतकंच ना? आयकलं मी, कान शाबूत हायेत माझे. तीन महिने ह्याच गल्लीतून गेले-आले तुमी, मान तिकडं करून. आज पंगतीला ताक लागलं तव्हा बानाबाई दिसली.

विसरू कसं? उन्हाळ्यातला तो साखरपुडा, स्वयंपाक तुमचा, ताक माझं. रात पडायच्या आत चाळीस मानसं दवाखान्यात, कुनाला सलाइन, कुनाला काय. मंग पयला कागद आला – आजाऱ्यांच्या पोटात ई-कोलाय, बानाबाईच्या ताकात बी ई-कोलाय. बस्स. जंतूचं नाव एक निघालं आन् तुमचा निकाल झाला. मोबाइलवर कुनी फिरवलं ते? – नाय नाय, तुमीच फिरवलं, मला मालूम हाय – शहागंजातल्या मेंढरंवालीचं ताक पिऊ नका म्हनून. नाव बी नाय टाकलं माझं. टाकायची गरजच नव्हती, सगळ्यांला कळलं. दुसऱ्या दिवशी भरल्या कॅनी घेऊन मी हितं बसले दिवसभर, आन् तशाच भरल्या घरी नेल्या.

आता हा दुसरा कागद पाहा. वाचता येत नाय मला, पन समजून घेतलाय. तनुजा मॅडम प्रयोगशाळेत काम करती, दोनदा येऊन बसली माझ्यासाठी. ती म्हनली, मावशी, ई-कोलाय सगळ्यांच्या पोटात असतो, तुमच्या बी, माझ्या बी. पन त्यात वान असतात – बरेचसे गरीब, एखादाच मानूस आडवा करनारा. काचेखाली ठिवून पाहिले तर सगळे सारखे. मंग वळखायचे कसे? त्यांचे जीन वाचायचे. चारच अक्षरं, पन पानंच्या पानं, दाखवली मला तिनं. त्यात सात जागा ठरलेल्या. साती जागची अक्षरं ताडून पाहायची – जुळली तर एक घर, नाय जुळली तर नाव एक असून बी खानदान निराळं.

मला हसायलाच आलं. म्हनलं, पोरी, ह्याला कागद कशाला लागतो? आमचे मालक होते तव्हा धरनाच्या पान्यावर दोन-दोन कळप मिसळायचे, हजारेक मेंढरं, सगळी काळी. तुमाला निवडायला बसवलं तर दिवस जाईल तुमचा. मालक कानाची कातर पाहायचे, कपाळ पाहायचे, शेपूट, खूर, लोकरीचा पोत – आन् सोडायचे इकडं-तिकडं. दुसऱ्याचं एक कोकरू कधी आमच्यात आलं नाय. काळं हाय म्हनून ते बानाबाईचंच, असं कोन मेंढका म्हनंल? तुमीच म्हनले.

निघालं काय, इचारा की. आजाऱ्यांच्या पोटातला जंतू सगळ्यांचा एकच. आन् तो कुनासंगं जुळला? तुमच्या पान्याच्या टाकीतल्या जंतूसंगं. साती जागा. माझ्या ताकातला निराळा, गरीब, कुनाच्या अध्यात ना मध्यात. – तो बी ताकात नसायला पायजे, व्हय, ते कबूल हाय मला. कुनाचा तरी हात लागलाय. कुनाचा ते तुमाला काय करायचंय? घरच्या तिघांचे नमुने नेले मॅडमनं, शरम गुंडाळून ठिवली आन् दिले बाटलीत. त्याचं बी उत्तर आलं. ते आमचं घरचं हाय. तुमी तुमच्या टाकीचं बोला.

आता कामून तोंड वाकडं केलं? आंबट लागलं? – व्हय. चव पयल्यासारखी नाय, मला बी कळतं. तीन महिने झाले, मी घुसळते. आधी शालू घुसळायची, माझी सून. मिटक्या मारत पिले होते ना तुमी, ते तिच्या हातचं. – माहेरी हाय, खुलताबादला. – पाहुनी नाय गेली. मी लावून दिली.

पाहू नका असं माझ्याकडं. भरल्या कॅनी परत नेल्या, त्याच दिवशी झालं ते. सगळा बाजार माझ्याकडं पाहत होता, मी तशीच घरी गेले, दौलताबादला, आन् तिला धरलं. कॅनी धुनारी ती, रवी धुनारी ती. हात धुतले होते का गं? धुतले म्हनली. मी म्हनलं, तुझ्या माहेरचे सगळेच घानेरडे. वढत रांजनापाशी नेलं आन् राख लावून हात घासले तिचे, शेजारनी पाहत होत्या. अजिनाथ – लेक माझा, वाळूजला कंपनीत हाय – तो बी उभा पाहत होता. ती रडली बी नाय. मॅडम नमुने घ्यायला आली तव्हा आपली बाटली तिच्या हाती दिली, मंग पिशवी भरली.

आन् ताकातला तो – साती जागा – माझ्यासंगं जुळला. माझ्या. शालूचा निराळाच निघाला. ताक झालं की किती दाट हाय, मीठ बरोबर हाय का, म्हनून कॅनीत बोट कोन बुडवतं? मी. रोज, तीस वर्सं, सासूनं तसंच शिकवलं. शालू म्हनायची, आत्या, पळी घ्या की. तर मी म्हनायची, तू मला शिकवू नको.

आठ दिवस झाले हा कागद येऊन. खुलताबादची बस ह्या गल्लीच्या तोंडावरून जाती, दिवसातून चारदा. रोज चारदा पाहते.

गिलास ठिवा तिथं. रविवारचं ताक माझ्याकडून होनार नाय – टाकी धुतली म्हनता, बरं झालं, धुवायलाच पायजे होती, पन ताक नाय. ज्या हाताचं ताक तुमाला पायजे तो हात हितं नाय. कॅनी झाकते मी आता, दुपारची बस धरायचीय. – हे आत्ताच ठरलं, व्हय. तुमी बसले ना तसंच तिच्या दारात जाऊन बसायचंय मला. ती मला ताक पाजती का नाय, तिची मर्जी.

उठा. – थांबा. मघापासून बसले तुमी, झालं गेलं म्हनले, टाकी धुतली म्हनले, पन चुकलं एवढं नाय म्हनले. ते म्हना आन् जा. मला नको हाय ते, माझा राग त्यानं जानार नाय. पन म्हना. कसं म्हनतात ते एकदा आयकू द्या.