क्लेमेंटाइनचं रक्त

थेल्मा: झोळी? फेरेटला झोपायला झोळी?

क्लाइव: पिंजऱ्यात टांगायची असते. दुकानदार म्हणाला, सगळेच घेतात.

थेल्मा: सगळेच म्हणजे डार्लिंग्टनमधले येडे. दीड वितीचं जनावर ते, बिळात घुसून ससा बाहेर काढायला जन्मलेलं. बाबांची फेरेटं चहाच्या खोक्यात पेंढ्यावर झोपायची. पिंजरा केवढ्याला पडला?

क्लाइव: थेल्मा, मी त्यासाठी आलेलो नाही.

थेल्मा: केवढ्याला?

क्लाइव: अडीचशे पौंड. तीन मजली आहे.

थेल्मा: मी दोन खोल्यांत राहते. आणि ही टोपलीतली महाराणी?

क्लाइव: नव्वद.

थेल्मा: बाबांनी उभ्या जन्मात फेरेटला पैसे मोजले नाहीत. कुणाला तरी बिअर पाजायची आणि पिल्लू खिशात घालून घरी यायचं. नाव काय ठेवलंय?

क्लाइव: क्लेमेंटाइन. फिलिपानं ठेवलं.

थेल्मा: तिनंच ठेवलं असणार. तुमच्या लग्नात बाबांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं तिच्या आईनं, कोटाला फेरेटचा वास येतो म्हणून. आता लेकीला फेरेटच हवं झालं होय?

क्लाइव: तिनं फोनवर कुठलासा व्हिडिओ बघितला. टोपी घातलेलं फेरेट होतं त्यात.

थेल्मा: मग ती का नाही आली टोपली घेऊन? बाबांना पुरलं त्यानंतर तू आज उगवलास, तोही एकटा.

क्लाइव: ती स्पेनला असते. फेब्रुवारीपासून.

थेल्मा: एकटी?

क्लाइव: नाही.

थेल्मा: हं. नवरा आणि फेरेट, एकाच खेपेत टाकून गेली. आण इकडे. बघ या हिरड्या, पांढऱ्याफटक झाल्यात. शेपटीचे केस गेलेत. ही माजावर कधी आली?

क्लाइव: मार्चअखेर असेल. खाली सूज दिसत होती. मला वाटलं, उतरेल आपोआप.

थेल्मा: आपोआप. अरे, मादी एकदा माजावर आली की नर दाखवल्याशिवाय उतरत नाही. आतल्या आत रक्त आटत जातं तिचं. एक नर आणि एक दुपार, संपला विषय. नाहीतर डॉक्टरकडची एक सुई. तू तीन मजले बांधलेस आणि एक सुई नाही टोचलीस.

क्लाइव: दुकानात कुणी सांगितलं नाही.

थेल्मा: तू विचारलंस?

क्लाइव: नाही.

थेल्मा: आता नर दाखवूनही उपयोग नाही. मरायला टेकलीय ही. टोपली ठेव आणि भिंतीपलीकडे जाऊन उभा राहा. मान मोडायला क्षण लागत नाही. तिला कळणारही नाही.

क्लाइव: मान मोडायला नाही आणली. डॉक्टर म्हणतात, रक्त चढवता येईल.

थेल्मा: फेरेटला?

क्लाइव: हो. त्यांच्यात रक्तगटाची भानगड नसते, कुणाचंही कुणाला चालतं. फक्त निरोगी, दांडगा नर हवा. ज्याला ज्याला फोन केला, तो म्हणाला, वर वेअरडेलमध्ये थेल्मा गार्बटकडे जा.

थेल्मा: म्हणजे सख्ख्या बहिणीचा पत्ता परक्यांनी दिला.

क्लाइव: पत्ता ठाऊक होता मला.

थेल्मा: ते तर आणखीच वाईट. डॉक्टर किती घेणार?

क्लाइव: नऊशेच्या घरात. वाचली तर जास्त, ठेवून घ्यावं लागेल.

थेल्मा: वाचली तर जास्त. धंदा बरा आहे. मी तुला दुसरी देते, आजच्या आज, फुकट. हिच्याहून देखणी.

क्लाइव: दुसरी नको.

थेल्मा: का? हिला काय सोनं लागलंय?

क्लाइव: काही नाही. चावते. मोजे पळवते, सोफ्याखाली मांस दडवून ठेवते. पण संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवली की धावत येते. दुसरं कोणी येत नाही.

थेल्मा: कीव मागायला आला असशील तर ती माझ्याकडे नसते.

क्लाइव: कीव नकोय. नर हवाय.

थेल्मा: माझा दांडगा नर म्हणजे बिशप. हिवाळाभर ससे काढून तोच मला पोसतो. रक्त काढताना तोच गेला तर?

क्लाइव: भूल देऊन काढतात. थोडा धोका असतो. खोटं नाही सांगत.

थेल्मा: आयुष्यात पहिल्यांदाच.

क्लाइव: ठीक आहे. निघतो मी.

थेल्मा: कुठे निघालास? कोट घालू दे मला. बिशपला तू हात लावू नकोस, बोट जाईल. आणि वळणांवर गाडी हळू घे, त्याला ओकारी येते.

(जनावरांचा दवाखाना, बाहेरचा बाक. थेल्माच्या मांडीवर रिकामी लाकडी पेटी.)

थेल्मा: त्या बाईकडे बघ. जून महिना चाललाय आणि कुत्र्याला स्वेटर.

क्लाइव: हळू बोल.

थेल्मा: शाळेपासून तुझं हेच. हळू बोल, माझ्याशेजारी बसू नको, बाबांना फाटकाशी येऊ देऊ नको.

क्लाइव: हो. म्हणायचो मी.

थेल्मा: मग ते फाटकाशी यायचे नाहीत. चर्चच्या भिंतीआड उभे राहायचे, तू बसमध्ये चढेपर्यंत.

क्लाइव: मला माहीत नव्हतं.

थेल्मा: तुला कधी काय माहीत होतं?

डॉक्टर: मिस गार्बट? तुमचा बिशप शुद्धीवर येतोय. उत्तम नर आहे.

थेल्मा: ते मला सांगू नका. तिचं सांगा.

डॉक्टर: रक्त चढलं. हिरड्यांवर किंचित रंग आलाय. धोका टळला असं आज म्हणणार नाही मी, कदाचित पुन्हा रक्त द्यावं लागेल. पण आत्ताच आमच्या नर्सच्या अंगठ्याला कडकडून चावलीय.

थेल्मा: रक्त निघालं?

डॉक्टर: बरंच.

थेल्मा: मग जगेल. नाक पूस रे क्लाइव, लोक बघतायत.

क्लाइव: थेल्मा, पुन्हा लागलं तर?

थेल्मा: तर गुरुवारी ये. माझ्याकडे आणखी एक दांडगा आहे.

क्लाइव: आणि नाही लागलं तर?

थेल्मा: तरी गुरुवारी ये. मागचं दार नुसतं लोटलेलं असतं.